दुपारी दोनची सावली

एप्रिलमधली दुपार, दोनचा सुमार. घराजवळच्या बागेच्या फाटकाला साखळी आणि कुलूप. आत पाचसहा थोराड झाडं, त्यांच्याखाली बाक, बाकांच्या पाठीवर कुणाकुणाच्या सौजन्याची नावं रंगवलेली. सगळीकडे गार सावली आणि त्या सावलीत एक कुत्रं निवांत झोपलेलं. फाटकाबाहेर भिंतीची हातभर सावली पडते. त्या पट्टीत डिलिव्हरीची दोन पोरं गाडीवर बसून मोबाइल बघतायत. कचरा गोळा करणाऱ्या एक मावशी भिंतीला पाठ टेकवून डबा खातायत. कुत्र्याला आत जायला फट सापडली, या तिघांना नाही.

पुण्यातल्या बहुतेक सार्वजनिक बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उघडतात. सावलीची खरी गरज असते तेवढाच वेळ ती कुलपात असते. इथली दुकानं एक ते चार बंद असतात म्हणून आम्हा पुणेकरांना उभा महाराष्ट्र टोमणे मारतो. बागांबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण बोलणारी माणसं त्या वेळी घरात पंख्याखाली असतात.

गल्लीगल्लीत, सोसायट्यांत, टेकड्यांवर आज हिरवं करायची जी धडपड चालू आहे तिच्याकडे मी या फाटकाबाहेरून बघतो. कुठल्याही वस्तीतल्या हरित प्रकल्पाचा हिशोब रोपांच्या संख्येवरून होऊ नये. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याच्याखाली कोण बसलेलं होतं, यावरून व्हावा. हा निकष लावला की बरेचसे नावाजलेले प्रकल्प नापास होतात आणि काही बिननावाचे पहिल्या वर्गात येतात.

आधी उन्हाबद्दल थोडं. झाडाखाली हवेचं तापमान फार उतरत नाही, दोनतीन अंश उतरलं तरी पुष्कळ. उन्हाळ्यात माणसाला छळतं ते हवेइतकंच वरून पडणारं ऊन आणि खालून, बाजूने येणारी डांबराची, भिंतींची धग. सावलीतली जमीन किंवा भिंत उन्हातल्या जमिनीपेक्षा अकरा ते पंचवीस अंशांनी थंड राहू शकते. बातम्यांतल्या कमाल तापमानाच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही. वेधशाळेचा तापमापक सावलीतच, हवेशीर लाकडी पेटीत असतो; रस्ता झाडणारी बाई त्या पेटीत नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर शासकीय पुरस्कार सोहळ्याला लाखोंचा जनसमुदाय भर उन्हात बसला होता. नोंदलेलं तापमान चाळिशीच्या आतच होतं. तरी उष्माघाताने १४ जण दगावले. डोक्यावर छप्पर मंचावर होतं, मैदानात नव्हतं.

अहमदाबादने मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत असा मोठा फटका खाल्ला. त्या महिन्यातले जादा मृत्यू नंतर अभ्यासकांनी मोजले, ते १,३४४ भरले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि मग देशभर तसे आराखडे निघाले. इशारे, दवाखान्यांची तयारी, पिण्याचं पाणी, उन्हात थांबायला सार्वजनिक जागा असं सगळं त्या कल्पनेत आहे. मग आपल्या शहरात आयत्या तयार असलेल्या, झाडांनी भरलेल्या, करदात्यांच्या पैशावर पोसलेल्या जागांना नेमकं दुपारीच कुलूप का?

उत्तरं ठरलेली आहेत. दुपारी बागेला पाणी द्यायचं असतं. कर्मचाऱ्यांची पाळी बदलते. गर्दुल्ले येऊन झोपतात. आणि आवाज थोडा खाली आणून सांगितलं जाणारं कारण म्हणजे, जोडपी बसतात. पहिल्या दोन कारणांत तथ्य आहे आणि त्यावर उपायही आहे, जादा माणूस नेमणं. तिसऱ्यासाठी तोच माणूस पुरतो. चौथ्याबद्दल काय म्हणावं? बसू देत की. ज्या शहरात दोन माणसांना फुकट बसायला जागा नाही, तिथे त्यांनी झाडाखाली बसणं ही तक्रारीची बाब कशी होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता रोपांच्या संख्येकडे. २०१६ मध्ये राज्यात २ कोटी झाडांचा संकल्प झाला, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. आकडा वाढत गेला तशी त्याची चेष्टाही वाढली. सरकारला हसणं सोपं आहे, पण आपल्या सोसायट्याही त्याच साच्यातल्या. आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी ५ जूनला बारा रोपं लावली. पर्यावरण दिन म्हणून ५ जून. पुण्यात त्या दिवशी बहुधा पाऊस आलेला नसतो, माती तापलेली असते आणि आणखी आठवडाभर तरी ती तशीच राहते. पण फोटो त्याच दिवशी काढायचे असतात. बारा खड्डे, बारा पिंजरे, पिंजऱ्यांवर पाट्या. पुढच्या मे महिन्यात बारापैकी तीन करंज उरले होते.

तीनच का, आणि तेच का, याचा विचार मी पुष्कळ दिवस केला नव्हता. एकदा सहज लक्षात आलं की ते तिन्ही इस्त्रीवाल्या काकांच्या टपरीसमोरचे. सोसायटीने नेमलेल्या माळ्याने दिवाळीनंतर येणं सोडलं होतं. काका रोज संध्याकाळी टपरी बंद करताना बादलीत उरलेलं पाणी त्या तीन आळ्यांत ओतत होते. त्यांना पर्यावरण दिनाला कुणी बोलावलं नव्हतं. पत्र्याच्या टपरीत, कोळशाच्या इस्त्रीसमोर दिवसाचे दहा तास काढणाऱ्या माणसाला सावलीची किंमत पटवून द्यावी लागत नाही. बाकीची नऊ रोपं अशा ठिकाणी होती जिथे त्यांच्याखाली कुणी उभं राहणार नव्हतं. दोन तर सोसायटीच्या नावाच्या दगडी पाटीशेजारी, शोभेला.

या तीन करंजांनी मला एक गोष्ट शिकवली. झाड जगवायचं असेल तर ज्याला त्याची सावली लागणार आहे त्याच्या हाताशी लावावं. रस्त्याच्या दुभाजकावर आपण बॉटल पाम आणि बोगनवेल लावतो. तिथून कुणी चालत नाही, आणि पामची सावली विजेच्या खांबाहून फारशी मोठी नसते. पदपथ मात्र उघडा. बसथांब्यामागे, रिक्षाच्या रांगेशी, भाजीवाल्या बसतात तिथे, शाळेच्या फाटकाबाहेर आया उभ्या राहतात तिथे, मजूर अड्ड्यावर झाड नाही. जिथे माणूस उन्हात थांबतो त्या जागांची नुसती यादी करायची म्हटली तरी एका प्रभागाचं पाच वर्षांचं काम निघेल. आणि झाडही बघून निवडावं. बहावा फुलतो तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं, पण भर उन्हाळ्यात त्याला पानं नसल्यात जमा. करंजाची पालवी एप्रिलमध्येच तरारून येते. कडुनिंबाचंही तसंच. गुलमोहर दिसतो देखणा, पण जरा वारा सुटला की त्याच्या फांद्या गाड्यांवर येतात. मग गाडीवाले झाडांच्याच विरोधात जातात.

इथे मियावाकी जंगलांचा विषय टाळता येत नाही. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ही पद्धत. एका चौरस मीटरमध्ये तीनचार रोपं दाटीने लावायची, ती उजेडासाठी चढाओढीने वाढतात. आपल्याकडच्या महापालिकांना ती फार आवडते, कारण लहानशा तुकड्यात हजारो रोपांचा आकडा भरतो. रेल्वेलगतच्या पट्ट्यात, कचऱ्याच्या जुन्या डेपोच्या कडेला हे करायला माझी हरकत नाही, पाखरांना आडोसा होतो. पण जिथे वस्तीत एकच मोकळा प्लॉट उरलाय तिथे कुंपण घालून माणूस आत शिरू शकणार नाही अशी झाडी उभी करणं म्हणजे जागा वस्तीकडून काढून घेणंच. एक वड आणि चार बाकांएवढी मोकळी माती तिथे जास्त कामाची.

आपल्याकडे याला शब्द होताच, पार. वड, पिंपळ किंवा चिंच, भोवती दगडी चौथरा, ना कुंपण ना वेळापत्रक. सदाशिव पेठेत नागनाथ पार हे नाव अजून पत्त्यात टिकून आहे. पाराला माळी लागत नव्हता, उद्घाटक लागत नव्हता. वाटसरू टेकायचा, पोस्टमन थांबायचा, भांडणं तिथेच लागायची आणि तिथेच मिटायची. पण पाराचं गुणगान गाताना जीभ जरा आवरावी लागते. गावच्या पारावर कोण बसायचं आणि कुणी लांबून जायचं हे जातीने ठरलेलं होतं. बायका वटपौर्णिमेला त्याच वडाला दोरा गुंडाळायच्या, पण त्याच्या चौथऱ्यावर गप्पा मारत बसायची त्यांना मुभा नव्हती. तेव्हा जुना पार जसाच्या तसा परत नको. त्याची रचना घ्यावी आणि नियम पुसून टाकावेत. आजही वॉचमन, मोलकरणी, डिलिव्हरीवाले यांच्या लिफ्ट वेगळ्या ठेवणाऱ्या सोसायट्या आहेतच, त्यामुळे हे पुसणं वाटतं तितकं सोपं नाही.

सावलीचा आरोग्याशी संबंध फक्त उष्माघातापुरता नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७३९ जादा मृत्यू झाले. नंतर एका समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. ऊन तेच, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ. पहिलीत लाखामागे ४० मृत्यू, दुसरीत ४. जिथे कमी माणसं गेली तिथले रस्ते गजबजलेले होते. दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती आणि एखादा दिवस दिसली नाहीत तर कुणाच्या तरी ध्यानात येत होतं. पहिल्या वस्तीतले म्हातारे दारं-खिडक्या लावून घरातच राहिले, कारण बाहेर जावं असं काही उरलं नव्हतं. आपल्याकडचे फ्लॅटमधले एकेकटे आजी-आजोबा आठवून पाहा. मुलगा न्यू जर्सीत, लिफ्ट बंद, खाली उतरलं तर टेकायला पॅरापेटची भिंत तेवढी.

दुसरा दाखला फिलाडेल्फियाचा. तिथे ५४१ ओसाड प्लॉट घेऊन संशोधकांनी अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची वाटणी केली. काहींवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, काहींचा फक्त कचरा काढला, काही तसेच सोडले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळच्या रहिवाशांत उदास वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण, तसेच सोडलेल्या प्लॉटशेजारच्यांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा काढून असा ठळक फरक पडला नाही. यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या प्लॉटना कुंपण होतं, पण लाकडाचं, बुटकं, आणि लोकांनी आत यावं म्हणून त्यात मुद्दाम वाट ठेवलेली. ना मोठी बाग, ना कारंजं, ना सेल्फी पॉइंट.

यावर कुणी म्हणेल, अमेरिकेतले प्लॉट कशाला, आपल्याकडे टेकड्या आहेत. आहेत, आणि टेकड्यांसाठी पुणेकरांनी जे केलंय त्याला तोड नाही. पहाटे पाचपाच लिटरचे कॅन खांद्यावर घेऊन चढणारी माणसं मी पाहिली आहेत. वेताळ टेकडीसाठी लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले. टेकडी पाणी मुरवते. ती उघडी पडली, ओढ्यांचे काठ आवळले गेले, की काय होतं हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने दाखवलं. त्या पुरात वीसहून अधिक जीव गेले, आणि घरं वाहून गेली ती बरीचशी ओढ्याकाठच्या गरिबांची. तेव्हा टेकडी राखलीच पाहिजे. फक्त टेकडीवर सकाळी सहाला जाणारा वर्ग आणि दुपारी दोनला उन्हात असणारा वर्ग वेगळा आहे, एवढं भान हवं. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला टेकडी शेजारीच असते. सावली मात्र नसते. तिथे बोळांतून दुचाकी जेमतेम निघते, झाड लावायचं कुठे? म्हणूनच तिच्यासाठी वळणावरचा एक पार, शाळेचं दुपारी उघडं ठेवलेलं मैदान आणि जवळच्या बागेचं उघडं फाटक मोलाचं आहे.

शहरातली झाडं राखायचा कायदा आपल्याकडे आहे, १९७५ पासून आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावून सात वर्षं सांभाळण्याची अट आली. चांगली सुधारणा. पण तिच्यात माझ्या मते एक मोठं भोक राहिलं. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपं मिळतील, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे जागा असेल तिथे. वडाखालचा चांभार, रसवाला, त्याच्याखाली बस पकडणाऱ्या बायका काही त्या रोपांबरोबर तिकडे जात नाहीत. गणेशखिंड रस्त्यावरचे जुने वड रुंदीकरणात सापडले तेव्हा पुनर्रोपणाची चर्चा पुष्कळ झाली. त्या रस्त्याने चालणाऱ्याच्या डोक्यावर आता काय, हा प्रश्न त्यामानाने कमीच विचारला गेला. भरपाई त्याच वस्तीत, पाच मिनिटं चालण्याच्या अंतरात झाली पाहिजे, असं कलम हवं. जागा नाही म्हणाल तर मग झाड तोडण्याआधी दोनदा विचार करा. कलमाचा हेतू तोच आहे.

जी झाडं उभी आहेत त्यांचे गळे तर आपण रोजच आवळतो. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले, काँक्रीट मुळांवर. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. इकडे पहिल्या वळवाला झाड कोसळलं की आपण ते ‘धोकादायक’ होतं म्हणतो. एक मीटर आळं मोकळं ठेवायला पैसे लागत नाहीत, उलट चार ब्लॉक वाचतात. पालापाचोळ्याचंही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो झाडून कोपऱ्यात पेटवतात आणि धूर आसपासच्या दम्याच्या रोग्यांच्या छातीत जातो. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या नागरिकांच्या गटाने पाला हवा असणारे आणि नको असणारे यांची गाठ घालून दिली. तोच पाला आळ्यात अंथरला तर उन्हाळ्यात पाणी कमी लागतं.

पण हे सगळं स्वयंसेवेवर सोडायला माझा ठाम विरोध आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा ‘पालिकेचं काम फुकटात’ या अर्थाने वापरला जातो. निवृत्त, सुस्थितीतल्या लोकांच्या भागात लोकसहभाग फुलतो, कारण त्यांच्याकडे वेळ असतो. दोन घरची धुणीभांडी करणारीकडे नसतो, आणि झाड तिलाच जास्त हवं असतं. तिथे पगारी माणूस हवा, शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा टँकर हवा, आणि दोन उन्हाळ्यांची हमी हवी. ‘वृक्षलागवड’ हे अंदाजपत्रकातलं शीर्षक बदलून ‘सावलीची देखभाल’ करावं, असं मी अर्धं गमतीने म्हणतो. उरलेलं अर्धं मनापासून.

मार्ग अगदीच नाही असंही नाही. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं काम अंदाजपत्रकासाठी सुचवता येतं. सूचना येतात त्या मुख्यतः पदपथ, दिवे, ब्लॉक, बाक यांच्या. एका पाराला काय लागतं? एक जाणतं रोप, दगडी कट्टा, माठ, दोन वर्षांचं पाणी आणि ते घालणाऱ्या माणसाचं मानधन. पाच लाखांत असे दोनतीन सहज बसावेत. शंभर लोकांनी एकाच वर्षी हीच मागणी केली तर ती नाकारायला कारण शोधावं लागेल.

इस्त्रीवाल्या काकांचे तीन करंज आता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी आलेत. गेल्या वर्षी काकांनी दोन बाजूंना विटा रचून त्यावर एक फळी टाकली. दुपारी तिथे तीनचार जण असतात. वॉचमन असतो, कधी कुरिअरवाला, कधी त्याच मावशी डबा घेऊन. अलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या आजीही काठी टेकत खाली येऊन बसू लागल्या आहेत. घरात करमत नाही म्हणतात. सोसायटीतल्या काहींना ही फळी खटकते, गेटबाहेर बरं दिसत नाही म्हणून. पुढच्या रविवारी सभा आहे. विषयपत्रिकेवर सातवा विषय ‘प्रवेशद्वाराबाहेरील अनधिकृत फळीबाबत निर्णय घेणे’. आजी येणार आहेत, त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय. मीही जाणार आहे, आणखी एक फळी मागायला.